कोरीटच्या छतावरचा हिशेब

नंदुरबार म्हटले की व्यापाऱ्याच्या डोळ्यांपुढे मिरचीच्या पथाऱ्या उभ्या राहतात. ज्या उन्हावर ही बाजारपेठ उभी आहे, तेच ऊन येथील घरांची परीक्षा पाहते. कोरीट हे याच जिल्ह्यातील गाव. हा परिसर कर्कवृत्ताच्या थोडा दक्षिणेस, सुमारे साडेएकवीस अंश अक्षांशावर येतो. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. नंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडून तळपतो. म्हणजे उन्हाळ्याचा खरा मारा भिंतींपेक्षा छतावर होतो.

खानदेशातील जुन्या पिढीला हे ग्रंथ न वाचता ठाऊक होते. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी फळ्या आणि त्यांवर फूटभर मातीचे धाबे, असे ते घर असे. दुपारची उष्णता त्या जाड भिंतींतून आत झिरपायला रात्र उजाडत असे, आणि तोवर बाहेर गारवा आलेला असे. पुढे सिमेंटची स्लॅब आली. स्लॅब पडली की घर पक्के झाले, असे कर्ज मागणारा मानू लागला आणि कर्ज देणाराही. त्या पक्केपणाचे व्याज विजेच्या बिलातून दरमहा फेडावे लागते, याची नोंद मात्र कोणत्याच प्रकरणात होत नाही.

ही नोंद आता बांधकामाआधीच करता येते. इमारतीचे संगणकीय प्रतिरूप, म्हणजेच सिम्युलेशन, हे व्यापारी घराला परके वाटण्याचे कारण नाही. तो उष्णतेचा रोजमेळ आहे. वर्षाचे 8,760 तास. प्रत्येक तासाला छतातून, भिंतीतून, खिडकीतून किती उष्णता जमा झाली, वाऱ्याने किती बाहेर नेली आणि शिल्लक किती उरली, याची खतावणी संगणक मांडतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने 2001 साली खुली केलेली एनर्जीप्लस ही प्रणाली आजही विनामूल्य मिळते.

एक लहानसे गणित पाहावे. छताच्या दोन्ही बाजूंच्या तापमानात एक अंशाचा फरक असता, एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता आत येते, हे त्या छताचे माप. सहा इंची उघड्या स्लॅबसाठी ते साडेतीन ते चारच्या आसपास भरते. केंद्र सरकारने 2018 साली जाहीर केलेली इको-निवास संहिता निवासी इमारतींच्या छतासाठी 1.2 ही मर्यादा सांगते. फूटभर कोरड्या मातीचे आणि लाकडी फळ्यांचे जुने धाबे याच गणिताने सव्वाच्या आसपास येते! दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर वीस अंशांचा फरक धरला, तर उघड्या स्लॅबमधून सुमारे 800 वॅट उष्णता खोलीत उतरते. भर मे महिन्यात माथ्यावर एक हीटर चालू ठेवल्यासारखेच ते होय.

संगणक मग असे प्रश्न विचारतो, जे गवंडी विचारत नाही. स्वयंपाकघर कोणत्या दिशेला? चूल किती वाजता पेटते? जैन कुटुंबात सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे असते. म्हणजे शेगडी नेमकी तेव्हा चालते, जेव्हा पश्चिमेची भिंत सर्वाधिक तापलेली असते. पश्चिमेचे स्वयंपाकघर इतरांना थोडे जाचक, चौविहार पाळणाऱ्या गृहिणीला फार जाचक. नकाशावर ते पूर्वेकडे सरकवायला खर्च शून्य. घर उभे राहिल्यावर तो सोसवत नाही. छज्जाचेही तसेच. दक्षिणेच्या खिडकीवरील दोन फुटांचा छज्जा मार्च अखेरीस मध्यान्ही सहा फुटांपर्यंत सावली देतो आणि डिसेंबरात केवळ दोन फूट, म्हणजे हिवाळ्याचे ऊन आत येऊ देतो. पश्चिमेच्या तिरप्या उन्हापुढे मात्र तो निरुपयोगी ठरतो.

याचा अर्थ सर्वांनी पुन्हा धाबे घालावे असा नव्हे. धाबे गळते, दर पावसाळ्यापूर्वी त्यावर माती टाकावी लागते, आणि ते घालणारे कुशल हात दुर्मीळ झाले आहेत. जुन्या घरांतील आतल्या खोल्या अंधाऱ्या, कोंदटही असत. जुनी जाड भिंत ठेवून वर नवी स्लॅब, तिच्यावर उष्णतारोधक थर आणि पांढरे आच्छादन, असा पर्याय याच प्रणालीत तपासून पाहता येतो. उलट्या मडक्यांचा थर हाही त्यातलाच एक जुना उपाय. संगणक जुन्याचा अभिमानी नाही आणि नव्याचा दलालही नाही.

त्याची एक मर्यादा आहे. त्याला पुरवलेले हवामान बहुधा जवळच्या शहराचे असते, गावाचे नव्हे. आणि चुकीच्या नोंदींवर ताळेबंद बरोबर येत नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. म्हणून वाडवडिलांचे घर उतरवण्याआधी भिंतींची जाडी, धाब्याची माती, झरोक्यांची मापे टेपने घेऊन कागदावर उतरवावी लागतात. घर पडल्यानंतर ती मिळत नाहीत.