संगणकाची उचकी

"काहून रे बाबू, हे चित्र उचकी लागल्यावानी काहून करते? माहे डोळे गरगरून राहिले."

सासूबाईंनी एवढं म्हटलं आणि टीव्हीकडून तोंड फिरवून घेतलं. आमच्या चिरंजीवांचा चेहरा एवढासा झाला. गेले दोन महिने तो ज्याच्यामागे लागला होता, ते आजीला दोन मिनिटंही बघवलं नाही.

मैत्रिणींनो, आधी थोडं मागचं सांगते. गेल्या वर्षी सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्यांचं जग म्हणजे एक खोली, एक खाट आणि खिडकीतून दिसणारा शेजाऱ्यांचा कूलर. त्यांचं माहेर इथलंच, चंद्रपुरातलं, पठाणपुरा दरवाज्याच्या आतलं. "एकदा मले माही वेस दाखवून आणा," हे त्यांचं रोजचं टुमणं. पण जिना उतरणंच होत नाही, तिथे वेस कुठली!

इकडे दहावीची परीक्षा आटोपलेले चिरंजीव दिवसभर लॅपटॉपला चिकटलेले. माइनक्राफ्ट नावाचा ठोकळ्यांचा खेळ. मी उठता-बसता बोलत होते. एकदा तर "आजी एकटी पडलीय आणि तू ठोकळे रचत बसलास, लाज वाटत नाही का?" असंही म्हटलं. त्याने उत्तर दिलं नाही. नंतर कळलं, तो ठोकळ्यांतून आजीसाठी चंद्रपूरचा परकोट बांधत होता! जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा, पठाणपुरा हे चारही दरवाजे, वेशीवरचा हत्तीला दाबणारा सिंहसुद्धा. जटपुऱ्यातून आत शिरून पठाणपुऱ्यापर्यंत चालत जायचं, त्याची फिल्म करायची आणि ती आजीला टीव्हीवर दाखवायची, असा बेत होता. मला बाई मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण फिल्म धक्के खात होती. खेळताना पडद्यावर ठीक दिसे, रेकॉर्ड केलेलं बघावं तर माणूस एक पाऊल टाकतो, थिजतो, एकदम चार पावलं पुढे!

"आई, लॅपटॉपच जुना झालाय. नवा घ्यावा लागेल. सत्तर हजार," चिरंजीव म्हणाले. ह्यांनी पेपरातून मान वर काढली नाही. मी शाळेत तासिकांवर शिकवते. सत्तर हजार म्हणजे कितीतरी महिन्यांच्या तासिका, हा हिशेब मी मनातच केला. म्हटलं, "घ्यायचं ते नंतर बघू. आधी बिघडतं कुठे, ते मला समजावून सांग."

मी बी. ए. मराठीची. पण त्याने सांगितलं आणि मला कळलं, म्हणजे तुम्हालाही कळेल.

हलतं चित्र म्हणजे भराभर पुढे सरकणारी स्थिर चित्रं. एकेक चित्र म्हणजे एक फ्रेम. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या काळात कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण सोळा चित्रं. कोऱ्या फिल्मला भोकं पाडायचं किचकट काम सरस्वतीबाई फाळके करत, घरच्या रगाड्यातून! पुढे बोलपटांसाठी सेकंदाला चोवीस हा वेग ठरला. आमच्या चिरंजीवांनी रेकॉर्डिंगला लावला होता साठ! म्हणजे एकेक चित्र रचून, दाबून लहान करून, फाइलमध्ये ठेवायला सेकंदाचा साठावा भाग. तेवढ्यात जमलं नाही की ते चित्र गळतं. हीच ती उचकी.

मला लगेच पोळ्या आठवल्या. एकटीने लाटायच्या आणि भाजायच्याही. पंगत घाई करायला लागली की एखादी करपते नाहीतर पानावर पोचतच नाही. लॅपटॉपचा प्रोसेसर खेळ चालवत होता आणि रेकॉर्डिंगही तोच दाबून बसवत होता. दोन्ही कामं एकाच्याच गळ्यात.

तो ज्या ओबीएस नावाच्या फुकट प्रोग्रॅमने रेकॉर्ड करतो, त्यात 'स्टॅट्स' म्हणून एक खिडकी आहे. चित्रं गळतात किती आणि कुठे, ते ती वेगवेगळं दाखवते. 'एन्कोडिंग लॅग'चा आकडा वाढला तर भाजणारीचा हात कमी पडतोय, 'रेंडरिंग लॅग'चा वाढला तर लाटणारीचा. चिरंजीवांनी ती कधी उघडलीच नव्हती. अंदाजाने कधी हे बटण दाब, कधी ते.

आम्ही ती उघडली. एन्कोडिंगचा आकडा भराभर चढत होता. मग सेटिंगमध्ये ते काम प्रोसेसरकडून काढून ग्राफिक्स कार्डाला दिलं. कार्डात त्यासाठी वेगळा भागच असतो, एनव्हिडियाच्या कार्डात त्याचं नाव एनव्हेंक. पोळ्या भाजायला जाऊबाई आल्यासारखं झालं. शिवाय साठाऐवजी तीस चित्रं आणि चित्राचा आकार १०८० वरून ७२० वर. आजीला वेशीतून सावकाश चालवायचं आहे, तिथे साठ कशाला?

तो आकडा थांबला, तर रेंडरिंगचा वाढायला लागला! कारण खेळाला मर्यादाच नव्हती. जमतील तितकी चित्रं काढत सुटायचं आणि रेकॉर्डिंगसाठी कार्डात जागाच ठेवायची नाही. खेळालाही साठाची मर्यादा घातली आणि दूरवरचं दिसणं सोळावरून आठावर आणलं. लांबची झाडं धुक्यात गेली, पण वेस स्वच्छ चालायला लागली.

आम्ही दोघं खूश. पण दहा मिनिटांनी पुन्हा उचकी!

आता मात्र माझं डोकं चाललं. लॅपटॉपला हात लावला तर तवा! महिना मे, गाव चंद्रपूर, बाहेर पारा ४५ च्या पुढे आणि साहेब गादीवर लोळून रेकॉर्डिंग करतायत. खालची हवा घ्यायची जाळी गादीत रुतलेली. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. त्यातून आपला हा कोळशाचा जिल्हा. सकाळी पुसलेली खिडकी संध्याकाळी बोटाला काळी लागते, मग आतला पंखा कसा सुटेल? दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं, जाळीवर गोधडीसारखा धुळीचा थर! त्याने तो काढला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली, पाचशे रुपये घेतले. सत्तर हजारांचं काम पाचशेत!

तुमच्याकडेही असं होत असेल तर इतकं करा. लॅपटॉप टेबलावर ठेवा. मी खाली गरम पातेली ठेवायची लोखंडी जाळी दिली आहे. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ओलसर हवा यंत्राला चांगली नाही. चार्जर लावूनच रेकॉर्ड करा, कारण बॅटरीवर लॅपटॉप हात आखडतो. बाकीचे प्रोग्रॅम बंद ठेवा आणि डिस्कमध्ये जागा मोकळी ठेवा. फाइल एमकेव्ही प्रकारात घ्या, म्हणजे मध्येच मशीन बंद पडलं तरी तोवरचं वाया जात नाही. आधी दोन मिनिटं करून बघा, ती आकड्यांची खिडकी पाहा, मगच पुढचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

शेवटचं रेकॉर्डिंग आम्ही पहाटे साडेपाचला केलं, गारव्यात. चिरंजीव सुट्टीत साडेपाचला उठले, हेही नवलच!

संध्याकाळी सासूबाईंना उशीला टेकवून बसवलं. जटपुऱ्यातून आत शिरलो. चित्र पाण्यासारखं सरकत होतं. त्या काही बोलेनात. पठाणपुरा आला तशा पुढे वाकल्या.

"थांबव, थांबव! हे घर इथं नोहे. आमचं घर त्याच्या अलीकडं, निंबाच्या झाडापाशी. अन् ओटा मोठा होता. दिवाळीले आमी साऱ्या पोरी तिथंच बसत होतो."

"निंब कुठल्या बाजूला, आजी?" त्याने वही ओढली.

त्या सांगत राहिल्या, तो लिहीत राहिला. मी उठून कुकर लावायला गेले. दोन महिने मी त्याला जे बोलले होते, त्याबद्दल रात्री त्याच्या पानात पोळी वाढताना म्हटलं, "चुकलं रे माझं." तो म्हणाला, "असू दे आई. उद्या पुन्हा साडेपाचला उठवशील? निंब लावायचा आहे."