शेवळाचं एकच पान

पहिला पाऊस झाला की मुरबाडच्या बाजारात शेवळाच्या जुड्या येतात आणि लगोलग आपल्या पेजवर प्रश्न येतात : दादा, याची लागवड होईल का, कंद कुठं मिळतील? आधी हे झाड रानात कसं जगतं ते बघू. आमच्या वरकसावरची शेवळं कमी होत चाललीत, आणि यंदा त्याच उताराचं काय करायचं हे घरात ठरायचंय.

शेवळ म्हणजे सुरणाचं भाऊबंद. आपण खातो ते त्याचं फूल, पानाच्या आधी जमिनीतून वर येणारं. पान मागाहून येतं, कंदाला हंगामात एकच. पाऊस उघडेपर्यंत त्या पानानं जे कमावलं, त्यावर कंदानं पुढचा उन्हाळा काढायचा. म्हणून फूल खुडून कंद मरत नाही. वाडीवरच्या मावशी वर्षानुवर्षं त्याच जागी खुडतात. पान गेलं तर मात्र कंद खंगतो. बांधावर ग्लायफोसेट मारताना हे ध्यानात घ्या. ते पानातून खाली कंदापर्यंत उतरतं.

आता बियाचं. फुलाला सडका वास येतो, त्यावर भुंगेरे येतात. फुलात मादीचा भाग आधी तयार होतो, पराग नंतर सुटतो. म्हणजे बी धरायला जवळपास दुसरं फूल उमललेलं पाहिजे. "एखादं ठेवलंय की मागं" म्हणून भागत नाही, आठ-दहा फुलांचा एक पट्टाच राखला पाहिजे. बियापासून फुलावर यायला पुन्हा काही वर्षं जातात, त्यामुळे आजची तूट लगेच दिसत नाही.

आणि रान बदललंय. पूर्वी राबासाठी ऐनाच्या फांद्या छाटायचे, झाड जागेवर राहायचं, खाली कवडसे पडायचे. शेवळाला अशीच विरळ सावली मानवते. आता झाड बुंध्यापासून जातं, उघड्या जागेत घाणेरी नि रानमोडी घुसते आणि इतकी गच्च होते की खाली कोवळं रोप तगत नाही. वणव्यात खोल कंद वाचतो, पण ओल धरणारा पालापाचोळा जातो. वणवा लावल्यानं गवत चांगलं येतं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय, जाळरेषा काढतो.

थोरल्या दादाचं म्हणणं, जेसीबी लावून अख्खा उतार सपाट करू, काजू लावू. काजूला माझा विरोध नाही, पैसा लागतोच. पण जेसीबीनं माती उलटली की कंद तुटतात नाहीतर खोल गाडले जातात. मी म्हटलं, वरच्या अंगाला हातानं खड्डे घेऊन काजू लावू, ओहोळाकडची बाजू तशीच ठेवू. दादा अजून हो म्हणालेले नाहीत. लावणी उरकली की बसायचं ठरलंय.

तोवर माती ओली आहे, घाणेरी मुळासकट उपटायला घेतलीय. शेवळाची खाज मारायला भाजीत काकडाची आंबट फळं लागतात, आणि आमच्या उतारावर काकडाचं एकच झाड उरलंय. कोणाकडे रोपं असतील तर कळवा.