भुईचक्र

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा धूर जरा निवळला की अंगणात खुर्ची टाकून पूर्वेकडे पाहत बसायचे, ही माझी जुनी खोड. अवसेची रात्र, आणि साडेदहा-अकराच्या सुमारास मृग वर आलेला असतो. त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण सर्वांना ठाऊक असतो. पण जवळच एक पुसट ठिपका आहे, त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तो तारा नव्हे. सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर असलेला वायूचा आणि धुळीचा ढग आहे तो. ताऱ्यांची बाळंतिणीची खोलीच म्हणा ना!

यंदा शेजारी नात होती. पाच वर्षांनी मुलगा दिवाळीला घरी आला होता. पाच वर्षे का, ते सांगत बसत नाही. रागाचा पहिला शब्द माझा होता, एवढे कबूल करून टाकतो.

शाळेत मी तीस वर्षे विज्ञान शिकवले. सूर्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत होती, ती हळूहळू निवली, तिच्यातून ग्रह झाले, असे मुलांना सांगत असे. सगळे कसे शांत, सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखे! निवृत्तीनंतर वाचत गेलो तेव्हा कळले, की तारुण्यातला तारा ही काही साधी असामी नव्हे. २००३ साली चंद्रा दुर्बिणीने याच ढगाकडे जवळजवळ तेरा दिवस टक लावून पाहिले, तर १४०० च्या वर तरुण तारे क्ष-किरण ओकताना दिसले. सूर्याएवढे तारेसुद्धा आजच्या सूर्याच्या हजारपटीने! ज्या तबकडीतून ग्रह व्हायचे, तिच्यावरच हा मारा. वरवरचा वायू हजारो अंश तापतो, आणि ताऱ्याची ओढ जिथे सैल पडते तिथून अवकाशात निघून जातो. बाहेरून आत येणारा वायू असा वाटेतच उडू लागला, की आतल्या भागाचा रतीब तुटतो. तिथे भोक पडते, आणि मग आतून बाहेर सारी तबकडी विरत जाते. बहुतेकांचा वायू एक कोटी वर्षांच्या आत संपतो. गुरूसारख्या ग्रहाने आपला वाटा तोवर उचलला तर उचलला.

काहींना शेजार भोवतो. याच ढगातल्या एका लहानग्या ताऱ्याची तबकडी जवळच्या बड्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी उडून चालली आहे, असे वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०२४ साली प्रसिद्ध झाले. तिथे गुरू होणे आता कठीणच.

मी हे सांगत होतो, तोच मुलाने भुईचक्र पेटवले. ठिणग्या उधळीत ते गरगरले आणि विझले. फरशीवर काळे वर्तुळ उरले.

"आजोबा, आपला सूर्यसुद्धा लहानपणी असा रागीट होता?"

"होता तर!"

"मग आपण कसे उरलो?"

मी म्हटले, "वायू उडून जातो. पण तोवर ज्या धुळीचे खडे-धोंडे झालेले असतात, ते त्या वाऱ्याला दाद देत नाहीत. ते मागे राहतात. त्यांचीच पृथ्वी झाली. आणि सूर्यही पुढे निवला."

"तुमच्यासारखा?"

मुलगा वाकून खोक्यात दुसरे भुईचक्र शोधत होता. त्याचा हात थांबला. मग खोके बाजूला सारून तो म्हणाला, "अण्णा, गारठा पडलाय. शाल आणू?"

"आण," मी म्हटले. "आणि येताना तुलाही एक खुर्ची आण. मृग अजून पुरता वर यायचा आहे."