सिनेमा बघून झाल्यावर

चि. ओंकार यास,


तुझं पत्र मिळालं. खोलीवरच्या चौघांनी मिळून ‘फँड्री’, ‘किल्ला’ आणि ‘कोर्ट’ पाहिलेत आणि मग रात्री उशिरापर्यंत वाद घातलात, हे वाचून फार बरं वाटलं. तुमचा निकालही वाचला. ‘फँड्री’ जबरदस्त, ‘किल्ला’ गोड, ‘कोर्ट’ संथ. पहिल्या दोन्हींबद्दल माझी तक्रार नाही. ‘फँड्री’च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो. त्यानंतर वेगळं मत द्यायला उरतंच काय? तिसऱ्या निकालाबद्दल मात्र तुझ्याशी बोलायचंय.

‘कोर्ट’ संथ आहे, हे मलाही मान्य आहे. चैतन्य ताम्हाणेने कॅमेरा एका जागी उभा केलाय आणि तो सहसा हलत नाही. पण असं का केलं असेल? नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात जीव दिला. त्या कामगाराची बायको साक्षीला येते, तो प्रसंग आठव. नवरा आत उतरण्याआधी गटारात खडा टाकून बघायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे, असं समजायचं. हे ती बाजारहाटाचा हिशेब सांगावा तशी सांगते. आवाज चढत नाही, मागे व्हायोलिन वाजत नाही. वाजलं असतं, तर आपण दोन अश्रू गाळून मोकळे झालो असतो. इथे ती सुटका मिळत नाही. ते झुरळ डोक्यात राहतं.

तीच गोष्ट सरकारी वकिलाची. गीतांजली कुलकर्णीने साकारलेली ही बाई कोर्टात कांबळेला जास्तीत जास्त दिवस डांबायला बघते. संध्याकाळी तीच लोकलने घरी जाते, मुलाला सोबत घेते, घरच्यांसाठी स्वयंपाक करते. ती दुष्ट असती तर गोष्ट सोपी होती. ती आपल्या शेजारी राहणारी बाई आहे, म्हणून अंगावर काटा येतो. आणि हे कळायला तिचं घर, तिचा स्वयंपाक निवांतपणे बघावा लागतो. तो वेळ दिग्दर्शकाने मुद्दाम दिलाय.

‘स्थळ’बद्दलही असंच ऐकू आलं. जयंत सोमलकरचा हा सिनेमा मार्च २०२५मध्ये लागला. विदर्भातल्या एका खेड्यातली सविता, तिला शिकायचंय, आणि घरी बघायला येणारे पाहुणे काही थांबत नाहीत. कामं करणारे बहुतेक गावचेच लोक आहेत. आमच्या इमारतीतल्या एक बाई म्हणाल्या, “तेच तेच दाखवलंय.” मी त्यांना एवढंच विचारलं, की तुम्हाला दाखवायचे तेव्हा काय विचारायचे? त्या बसल्या आणि बोलत राहिल्या. नाव, शिक्षण, उंची, छंद, क्रम तोच. तेच तेच आहे हे खरं, पण ते सविताच्या वाट्याला आलेलं आहे आणि सोमलकरने ते आपल्याला तिच्या जागी बसवून दाखवलंय. त्या बाई पुढच्या आठवड्यात आपल्या सुनेला घेऊन पुन्हा गेल्या.

ओंकार, हे सगळं मी इतक्या पोटतिडकीने का लिहितेय ते सांगते. तुम्ही मित्र कट्ट्यावर जे सहज बोलता, त्यावर मराठी सिनेमाचं जगणं-मरणं ठरतं. मोठ्या हिंदी सिनेमासारखा जाहिरातीवर ओतायला पैसा मराठी सिनेमाकडे नसतो. शुक्रवारी सिनेमा लागतो, शनिवार-रविवारी गर्दी झाली नाही तर सोमवारपासून खेळ कमी होतात आणि उरतो तो दुपारचा, नोकरदाराला न जमणारा. त्या तीन दिवसांत त्याच्या बाजूने एकच गोष्ट असते, ती म्हणजे बघून आलेल्या माणसाने चार जणांना सांगणं. लोकांनी मनावर घेतलं की काय होतं, ते ‘श्वास’च्या वेळी दिसलं. २००४मध्ये तो ऑस्करसाठी भारतातर्फे निवडला गेला, तेव्हा तिकडच्या प्रचाराच्या खर्चासाठी सामान्य लोकांनीही पैसे जमवले.

सिनेमा आवडला नाही तर तसं म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. मराठी आहे म्हणून गोड मानून घे, असं मी कधीच सांगणार नाही. वाईट सिनेमाला चांगलं म्हटलं की पुढच्या चांगल्या सिनेमावरचाही विश्वास उडतो. फक्त निकाल देण्याआधी एक प्रसंग सांगत जा. काय दिसलं, कोण काय बोललं, कुठे जांभई आली, कुठे श्वास अडकला. ऐकणारा मग स्वतः ठरवील. ‘संथ’ एवढंच ऐकून तो घरीच बसेल. झुरळाची गोष्ट ऐकली तर कदाचित तिकीट काढेल.

तेव्हा पुढचा मराठी सिनेमा मोबाइलवर येण्याची वाट न बघता पहिल्या तीन दिवसांत थिएटरात जाऊन बघा. तिकिटाचे पैसे मी पाठवते. बघून आलास की मला लिही, आणि पत्रात आधी प्रसंग लिही, मत त्यानंतर.

तुझी,
आत्या