मामांच्या जीपचं पासिंग

गेल्या महिन्यात कांदिवलीला मामांकडे गेलो होतो. चहा यायच्या आधीच मामेभावाने विषय काढला. "दादा, तू पत्रकार आहेस ना, तूच सांग यांना. जीपचं पासिंग संपतंय. ती काढून नवी फोर बाय फोर घ्यायची, की हिच्यावरच पैसे घालत बसायचं?"

मामा पेपरात डोकं घालून बसले होते. तिथूनच म्हणाले, "त्याला काय विचारतोस? त्याने जन्मात स्कूटरशिवाय काही चालवलंय का?"

खरं आहे. डिप्लोमा पत्रकारितेचा, गाडी स्कूटर. पण उपनगरातला पाऊस, खड्डे आणि अपघात यांच्या बातम्या करण्यात वीस वर्षं गेली. बंद पडलेल्या गाड्या ओढताना जितक्या पाहिल्यात तितक्या शोरूमवाल्यानेही पाहिल्या नसतील. म्हटलं, विचारलंच आहेस तर नीट बघू. महिनाभर गॅरेजवाले, आरटीओबाहेरचे एजंट, नव्या गाड्यांचे मालक, सगळ्यांशी बोललो. जे कळलं ते इथे मांडतोय, कारण हा प्रश्न एका घराचा नाही. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत डेकोरेटर, केटरर, मंडळवाले अशा कितीतरी जणांच्या दारात एक जुनी जीप उभी आहे.

मामांचा धंदा मंडप-डेकोरेशनचा. जीप नव्वदच्या आसपासची, डिझेल, सरकारी लिलावात घेतलेली. मागे हूक आणि हुकाला जनरेटरची ट्रॉली. लग्न असो, सत्यनारायण असो, गणपती असो, पुढे जीप आणि मागे ट्रॉली हे चित्र मी शाळेपासून बघतोय.

कांदिवलीकरांचं जीपप्रेम बाहेरच्यांना कळणार नाही. महिंद्रांनी १९४९ मध्ये माझगावात विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे आकुर्ली रोडला कारखाना उभा राहिला आणि आमच्या भागातल्या निम्म्या चाळींत कोणी ना कोणी 'महिंद्रात' असायचं. जीपचं इंजिन उघडता येणारा माणूस हाकेच्या अंतरावर. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मामांच्या जीपची कीर्ती झाली २६ जुलै २००५ ला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा मुंबईकराला पाठ आहे. पोईसर नदी वस्तीत शिरली होती. मामांनी जीपचा फॅनबेल्ट काढून ठेवला. पंखा फिरला की पाणी उडवून इंजिनभर करतो, म्हणून ही जुनी युक्ती. मग दोरखंड घेऊन ते बाहेर पडले. रात्री अकरापर्यंत सात गाड्या ओढल्या. त्यातल्या एका गाडीच्या काचा वर अडकलेल्या, दारं उघडेनात, आत नवरा-बायको आणि लहान मुलगी. त्या रात्री मुंबईत अशाच बंद गाड्यांमध्ये माणसं गेली. ही तिघं वाचली. त्यांच्याकडून अजून दर दिवाळीला मिठाईचा पुडा येतो.

तर "ही जीप विकायची" असं त्या घरात म्हणणं म्हणजे काय, ते समजून घ्या.

पण दुसरीही एक गोष्ट आहे. ती मामा कुणाला सांगत नाहीत. त्यांना विचारून लिहितोय.

सहा-सात वर्षांपूर्वी ठाण्याहून एक लग्न उरकून घोडबंदर रोडने परत येत होतो. पाऊस चालू होता. पुढे जीप, जीपमध्ये मामा आणि मामेभाऊ, मागे जनरेटरची ट्रॉली. मी त्यांच्या मागे सामानाच्या टेम्पोत. गायमुखचा चढ जीपने मजेत काढला. उताराला लागल्यावर मला दिसलं की ट्रॉली डोलतेय. आधी थोडी, मग जास्त. जीपचे ब्रेकलाइट सतत पेटलेले आणि वेग मात्र कमी होत नाही. ट्रॉली जीपला ढकलत होती. मामांनी सेकंड टाकला, मग कसाबसा फर्स्ट, इंजिन किंचाळलं, आणि जीप डावीकडच्या कठड्याला घासत घासत थांबली. ट्रॉली आडवी, दांडा वाकलेला. मागून ट्रक आला असता तर आज ही पोस्ट लिहीत नसतो.

चूक जीपची नव्हती, आमची होती. जनरेटर, डिझेलची कॅनं आणि वर टाकलेले केबलचे वेटोळे मिळून ट्रॉली दीड टनाच्या घरात, म्हणजे जीपपेक्षा जड. आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला एकूण ७५० किलोची मर्यादा आहे. आम्ही त्याच्या दुप्पट वजन भिजलेल्या ड्रम ब्रेकच्या भरवशावर उतारावर सोडलं होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. गाडीने किती ओढलं याच्या गप्पा सगळे मारतात. किती ओढून वेळेवर थांबली, हे कोणी सांगत नाही. ओढायला ताकद लागते ती चढावर. उतारावर लागतं वजन आणि ब्रेक.

या हिशेबाने जुनं-नवं ताडून बघू. जुन्याचं उदाहरण म्हणून ऐंशीच्या दशकातली एमएम ५४० घ्या. प्यूजोचं २.१ लिटर डिझेल, ताकद ६२ हॉर्सपॉवर. नव्याचं उदाहरण २०२० ची थार. २.२ लिटर डिझेल, १३० हॉर्सपॉवर, ३०० न्यूटन मीटर टॉर्क. म्हणजे ताकद दुपटीहून जास्त. गंमत अशी की चिखलातून गाडी काढणारा जो 'लो' गिअर, तो दोघींत जवळपास सारखाच, जोर साधारण अडीचपट करणारा. त्यामुळे सपाटीवर, हळू, थोडं अंतर ओढायचं असेल तर जुनी जीप आजही मान खाली घालत नाही. २६ जुलैला तिने हेच केलं.

पण रस्त्यावर ट्रॉली घेऊन जायचं म्हटलं की नवी गाडी स्पष्ट पुढे आहे. ती वजनाने भारी, तिला पुढे डिस्क ब्रेक, एबीएस, आणि गाडी घसरायला लागली की चाक-चाक धरून सावरणारी यंत्रणा. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत २०२० मध्ये थारला ४ तारे मिळाले. जुन्या जीपमध्ये धडक झाली तर तुमच्या आणि इंजिनच्या मध्ये एक पत्रा आणि देव. पाण्याचं म्हणाल तर नव्या थारची कंपनीने सांगितलेली मर्यादा ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांच्या जरा वर. कंबरभर पाणी भरलेल्या अंधेरी सबवेसाठी हा आकडा नाही, हे नव्या मालकांनी दारावर लिहून ठेवावं.

मामेभाऊ इथपर्यंत ऐकून खूश झाला. पण थांब म्हटलं, टिकाऊपणाचं बाकी आहे.

माझ्या एका मित्राकडे नवी फोर बाय फोर आहे, कंपनीचं नाव सांगत नाही. मागच्या पावसात गुडघाभर पाण्यातून गेला. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर दिवाळी. इंजिन चालू, पण गाडी वीसच्या पुढे जाईना. ओढून न्यायची तर ऑटोमॅटिक. तिला चाकं रस्त्यावर ठेवून दोरीने ओढलं तर गिअरबॉक्सचं वाटोळं होऊ शकतं, त्यामुळे सपाट ट्रकची वाट बघा. पुढचा बंपर प्लास्टिकचा. ओढायचा हूक डिकीतल्या पिशवीत असतो आणि तो स्क्रूसारखा फिरवून बसवायचा असतो, हे त्याला तेव्हा कळलं. दोष निघाला एका सेन्सरच्या जोडणीत गेलेल्या ओलीचा. सुटा भाग येऊन काम व्हायला नऊ दिवस. नाक्यावरचा कुठलाही मिस्त्री त्या गाडीला हात लावायला तयार नव्हता, कारण कंपनीचं सॉफ्टवेअर जोडल्याशिवाय ती बोलतच नाही.

मामांची जीप बंद पडली तर काय होतं? दोघं धक्का मारतात, चालू होते. नाहीतर मिस्त्री पाना घेऊन येतो.

पण आता मिस्त्री कुठे आहे? मामांच्या मिस्त्रींची गॅरेजची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. ते नालासोपाऱ्याला मुलाकडे राहायला गेले. गुडघे दुखतात, लोकलने येतात, एका दिवसाचं काम तीन दिवस चालतं. त्यांच्या हाताखाली एकही पोरगा नाही. ज्या कामगार वस्तीच्या जोरावर जीप 'अमर' होती, ती वस्तीच उठली. लोखंड टिकाऊ असतं हे अर्धसत्य आहे. लोखंड टिकतं ते त्याला जोडणाऱ्या हातांमुळे.

आणि लोखंडाचंही ऐका. पासिंगच्या आधी हे मिस्त्री जीप तपासायला आले. मामा मला मुद्दाम दाखवत होते, "बघ, चेसिस बघ. आजकालच्या गाड्यांना असा माल असतो का?" मिस्त्री खाली सरकले. मागच्या हुकापासून वीतभर पुढे स्क्रूड्रायव्हर लावला आणि दाबला. आरपार गेला. वरून रंग चकचकीत, आतून गंजाचा पापडा. आपल्या खाडीच्या हवेत पस्तीस वर्षं.

कोणी काही बोललं नाही. मामींनी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

मिस्त्री एवढंच म्हणाले, "चालवायला पट्टी मारून देतो. ओढायला देणार नाही."

आता सरकारी बाजू. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी नव्याने करायची फी एप्रिल २०२२ पर्यंत ६०० रुपये होती. ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,०००. पर्यावरण कर वेगळा. सरकारच्या स्वतःच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून वाढवली जात नाही, त्या भंगारातच जातात. म्हणजे मामांनी घेतली तशी लिलावातली जुनी जीप यापुढे मिळणार नाही.

मला हे सगळं चुकीचं वाटत नाही. जीप चालू झाली की मागच्या सोसायटीतल्या लोकांना खिडक्या लावून घ्याव्या लागतात, हे मामाही मान्य करतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं ते उगाच नाही. पण जुनं काढा म्हणताना नवं दुरुस्त करायचा हक्कही द्यायला हवा की नको? केंद्राच्या ग्राहक विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. त्यात वाहनंही आहेत. माहितीपुस्तिका, सुटे भाग, दुरुस्तीचे पर्याय ग्राहकाला कळावेत हा हेतू. पण नाक्यावरच्या मिस्त्रीच्या हातात नव्या गाडीचं निदान करणारं यंत्र परवडणाऱ्या दरात येत नाही, तोवर पोर्टल म्हणजे दारावरची पाटी. आयटीआयमध्ये पोरं शिकतात, त्यांना हे शिकवा, गॅरेजला रिडेव्हलपमेंटमध्ये एक गाळा ठेवा. नाहीतर आजच्या पंधरा-वीस लाखांच्या गाड्या पस्तीस वर्षं सोडा, वॉरंटी संपल्यावर किती वर्षं रस्त्यावर राहतील, याचा विचार करा.

आणि ट्रॉलीवाल्यांनो, तुमच्यासाठी. ट्रॉलीचीही नोंदणी लागते. १९८९ च्या रस्तानियमांत बंद गाडी ओढताना दोघींतलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको, वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत आणि मागे 'ऑन टो'ची पाटी, असं लिहिलं होतं. आपल्याकडे दोरी बांधतात आणि हायवेला साठने पळतात. गणपती जवळ आलेत. ट्रॉलीला ब्रेक आहेत का, ते आजच बघा. नसतील तर जनरेटर टेम्पोवर चढवा.

मामांकडे शेवटी काय झालं, ते सांगतो.

मामेभावाला सांगितलं, नवी घे, पण ऐटीसाठी नको. ओढायचंच असेल तर त्या मॉडेलला कंपनी किती वजन ओढायला परवानगी देते ते लेखी माग. शोरूममध्ये आम्ही हा प्रश्न विचारला तेव्हा सेल्समनने सनरूफ दाखवलं. मग घरी हिशेब केला आणि त्याने एक सेकंडहँड टेम्पो घेतला. जनरेटर आता टेम्पोवर असतो. फोर बाय फोरचं स्वप्न पुढच्या सीझनवर गेलंय.

जीपला पट्टी मारली, पासिंग झालं, पाच वर्षं मिळाली. मामांनी पैसे भरले आणि कुणाला न विचारता आणखी एक काम केलं. मिस्त्रींना बोलावून मागचा हूक कापून घेतला. मी तिथेच होतो. कटरच्या ठिणग्या उडत होत्या आणि मामा लांब उभे राहून रस्त्याकडे बघत होते.

हूक त्यांनी भंगारात दिला नाही. तो घरात, टीव्हीखालच्या खणात आहे.