समासातले शेरे

सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीने लिहिणे नियमबाह्य आहे, हे मान्य करूनही, दारिद्र्य, जातिभेद आणि बेकारी यांच्याशी झगडत वाढलेल्या तरुणांच्या कथा ज्या पुस्तकांत आल्या आहेत त्यांच्या जीर्ण प्रती चाळताना, समासातले निनावी शेरे मी नेहमीच आदराने वाचत आलो आहे. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे. वाचनाची इतकी जुनी परंपरा असलेल्या या जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, एकाच परिच्छेदाच्या एका अंगाला ‘अतिशयोक्ती’ आणि त्याच्याच खाली, निराळ्या हस्ताक्षरात, ‘आमच्याकडे आजही’ असे दोन शेरे मी पाहिले, आणि अशा पुस्तकांविषयीचा सारा वाद त्या तीन शब्दांत सामावला आहे असे मला वाटले.

अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली ‘ग्रंथाली’ने प्रसिद्ध केले. ते आत्मकथन खरे. परंतु दगडू मारुती पवार आपली कैफियत सांगतो आणि दया पवार ती ऐकून घेतो, ही त्याची रचना कादंबरीच्या फार जवळची आहे. गावचा महारवाडा, मुंबईचा कावाखाना आणि संगमनेरचे शिक्षण यांतून वाट काढणारा हा मुलगा पाहून पांढरपेशा वाचक हादरला व त्याने पुस्तक डोक्यावर घेतले. उलट दलित समाजातील काही शिकल्यासवरल्या वाचकांना, मोठ्या कष्टाने जे मागे टाकले ते चव्हाट्यावर मांडलेले रुचले नाही. पहिल्या वाचकाला त्या स्तुतीसाठी काहीच गमवावे लागत नव्हते, दुसऱ्याची मात्र नव्याने मिळवलेली प्रतिष्ठा पणाला लागली होती. म्हणून त्याची तक्रार मला नामंजूर असली तरी ती ऐकल्यावाचून फैसला देणे अन्यायाचे होईल.

आनंद यादवांच्या ‘झोंबी’विषयी पाथर्डीकडील एका विद्यार्थ्याशी झालेले बोलणे माझ्या मनात पक्के रुतले आहे. १९८७ सालच्या त्या कादंबरीत मुलाच्या शाळेच्या आड येणारा बाप वाचून बहुतेकांचा संताप होतो, तसा माझाही झाला होता. या मुलाचे आईबाप मुकादमाची उचल घेऊन दरसाल ऊसतोडणीला कोयत्यावर जाणारे; दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड ट्रकमध्ये चढले की धाकट्या भावंडांना सांभाळणे त्याच्याकडे येई. तो म्हणाला, “सर, मला त्या बापाचा राग नाही आला. त्याला हात कमी पडत व्हते.” उचल फिटेपर्यंत घरातला प्रत्येक हात गहाण असतो, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच त्या बापाच्या क्रौर्यामागची अगतिकता इतक्या सहज वाचता आली. टीकाकारांच्या पानेच्या पाने भरलेल्या विवेचनांतून मला जे उमगले नव्हते, ते या एका वाक्याने उमगले.

तथापि ज्याने भोगले त्यानेच बोलावे, असा दंडक मी घालणार नाही. सानेगुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेला कोकणातला श्याम आमच्या अवर्षणग्रस्त गावांतील मुलांना कधी परका वाटला नाही. नेमाड्यांच्या १९६३ सालच्या ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर खाऊनपिऊन सुखी घरचा, त्याचे दुःख कसले, असे विचारणारे वाचक मला भेटले आहेत, आणि वसतिगृहाच्या खोलीत नापासाचा निकाल हाती घेऊन बसलेले, त्याला पहिल्या काही पानांतच ओळखणारेही भेटले आहेत. धाकट्या मनीच्या मृत्यूची पाने वाचताना तर हा भेद कोणालाच आठवत नाही. हालअपेष्टांचे मोजमाप शिधापत्रिकेवरून करता येत नाही.

अशा पुस्तकाविषयी ‘वाचून फार रडू आले’ हा अभिप्राय सर्वांत अधिक ऐकू येतो, आणि तो प्रामाणिकही असतो; परंतु अश्रू पुसले गेल्यावर त्या तरुणाचे आपल्यापाशी काय उरले, त्याचा हट्ट, त्याची वासना, त्याचे हसणे, त्याने केलेला अन्याय यांसह तो आपल्याला पूर्ण माणूस म्हणून भेटला की नाही, हे ज्या वाचकाने पाहिले नाही त्याने केवळ अनुकंपा केली, आणि अनुकंपेत नेहमी वरून खाली पाहिले जाते. समासात ‘आमच्याकडे आजही’ लिहिणारा हात मात्र त्या तरुणाशी समान पातळीवरून बोलत असतो. म्हणून माझी अशी मनापासून इच्छा आहे की, प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयाने टेबलावर एक अभिप्रायवही ठेवावी, ऊसतोडणी कामगारांच्या आणि आदिवासी वाड्यांवरील मुलामुलींना तीत निर्भयपणे लिहू द्यावे, आणि ती वही रद्दीत न घालता दप्तरी जपावी. कारण मराठी समीक्षेने अद्याप ज्यांची जबानी घेतलेली नाही, असे तिचे सर्वांत जाणते साक्षीदार याच जिल्ह्यात पुस्तके वाचीत आहेत.