पाठीमागची बोटं

आधी दिसली ती बोटं. नॅशव्हिलच्या ब्रॉडवेवर बऱ्याच बारमध्ये स्टेज दर्शनी काचेला लागूनच असतं. वादकांची तोंडं आत, पाठ रस्त्याकडे. फुटपाथवरून चालणाऱ्याला बँड आधी पाठमोराच दिसतो. रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्डच्या काचेपाशी मी थबकले, कारण आत गाणाऱ्या मुलीच्या उजव्या हातात माइक होता आणि डावा हात तिने पाठीमागे धरला होता. त्या हाताची चार बोटं उघडली. मग एकच. मग अख्खा पंजा. पुन्हा एक.

"आत्या, आत जायचं? तुला चालेल ना?" भाच्याने विचारलं. आत्याला बारमध्ये न्यायचं म्हणून तो जरा अवघडला होता.

"ती बोटांनी काय सांगतेय?"

"कॉर्ड. पुढची कुठली वाजवायची ते. हे लोक कधीकधी आयत्या वेळी एकत्र येतात, सराव वगैरे नसतो."

मग मला बाहेर उभं राहवेना.

आत भिंतीवरच्या फळ्यांवर बुटांच्या जोड्यांची रांग होती, उंच गळ्याचे, नक्षी कोरलेले काउबॉय बूट. एकेकाळी इथे बूट विकले जायचे, गाणं मागाहून आलं. तव्यावर मांसाच्या चकत्या परतल्या जात होत्या. पावात घालून मिळणारं तेच इथलं नावाजलेलं खाणं. तिकीट नाही. आम्हाला स्टेजच्या अगदी कडेला दोन स्टुलं मिळाली, आणि माझ्या हातभर अंतरावर स्टील गिटारवाला बसला होता.

सत्तरीचा असावा. त्याचं वाद्य गिटारसारखं दिसतच नाही. चार पायांवर आडवं ठेवलेलं टेबल म्हणावं तसं, त्यावर दहा तारा, खाली शिवणयंत्रासारखे पेडल. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी, ती तारांवरून सरकते. उजव्या हाताच्या बोटांना नख्या चढवलेल्या. डावा पाय पेडलवर, उजवा पाय आवाज कमीजास्त करणाऱ्या दुसऱ्या पेडलवर, आणि दोन्ही गुडघ्यांशी लोखंडी पट्ट्या, त्या गुडघ्याने डावी-उजवीकडे ढकलायच्या. माणूस चारी हातापायांनी वाजवत होता आणि वर चेहरा मात्र देवळात बसल्यासारखा शांत.

त्याने एक पेडल दाबलं आणि मला मींड ऐकू आली. खरीखुरी मींड. एक तार आपल्या जागी ठाम उभी, आणि तिच्या शेजारची तिला सोडून हळूहळू वर चढत गेली. षड्ज तसाच राहावा आणि त्याच्या अंगाला घासून दुसरा सूर वर जावा, तसं. १९५४ साली वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने ही किमया ऐकवली आणि स्टील वाजवणाऱ्यांनी आपापल्या वाद्यांना पेडल बसवून घेतले. तारेवर लोखंड सरकवण्याची मूळ कल्पना हवाई बेटांवरची, जोसेफ केकुकू या पोराची म्हणतात. त्या बेटांवरून ती इकडे टेनेसीत आली, तशी आपल्याकडेही आली. व्हॅन शिप्लेंनी गिटारवर वाजवलेली हिंदी गाणी रेडिओवर लागली की आमच्या घरी सगळे गप्प व्हायचे.

या जागेचं आणखी एक मला नंतर कळलं, ते इथेच सांगते. बुटांच्याही आधी याच घरात शो-बडचं दुकान होतं. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोघांनी सुरू केलेला पेडल स्टील बनवण्याचा कारखाना. म्हणजे ज्या चार भिंतींत ही वाद्यं विकली गेली, तिथेच ती अजून रडतात. मागच्या गल्लीत रायमन सभागृह. १८९२ साली धर्मसभांसाठी बांधलेलं, बसायला चर्चसारखे बाक. आणि १९४३ ते १९७४ ग्रँड ओल ऑप्री हा रेडिओवरचा कार्यक्रम तिथून होत असे. ऑप्रीचे कलावंत मागच्या दाराने निघून गल्ली ओलांडायचे आणि याच रांगेतल्या टूट्सीज या बारमध्ये शिरायचे.

पण मी बोटांबद्दल सांगत होते.

गाणं संपलं. मुलीने मान वळवून फक्त "जी" म्हटलं. जी म्हणजे आपली पांढरी पाच. वाईला आमच्या आळीत एकादशीला भजन असायचं, तेव्हा बुवा असेच मान वळवून पेटीवर बसलेल्या आप्पांना सांगायचे, "आज काळी एक." एवढ्यावर सगळं सुरू व्हायचं. इथेही तसंच झालं. आणि मग तिचा हात पाठीमागे गेला. एक म्हणजे षड्ज धरून, चार म्हणजे मध्यम धरून, पाच म्हणजे पंचम. पट्टी कुठलीही असो, आकडे तेच. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नील मॅथ्यूज या गायकाने नॅशव्हिलच्या स्टुडिओंसाठी ही आकड्यांची पद्धत बसवली. स्वरलिपी न वाचणाऱ्यालाही ती पुरते. सा, म, प. तंबोऱ्यापासून भजनापर्यंत ज्यांच्यावर आपला सगळा डोलारा उभा आहे, तेच तीन सूर एक पोरगी पाठीमागे बोटांवर मोजून दाखवत होती.

आप्पा पेटी वाजवायचे. गायले कधीच नाहीत. बुवांच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे बसायचे, आणि नजर बुवांच्या मानेवर. मी लहानपणी विचारलं होतं, "तुम्ही लोकांकडे का बघत नाही?" तर म्हणाले, "बुवा श्वास कधी घेणार ते मानेवरून कळतं. तेवढ्यात आपण भरायचं." आणखी एक म्हणायचे, पेटीला मींड नाही, म्हणून पेटीवाल्याने गाणाऱ्याच्या मागेच राहावं. हे सांगताना त्यांचा सूर थोडा खाली जायचा. इथे त्या स्टीलवाल्या म्हाताऱ्याच्या पायाखाली मींड होती. तरी तो अर्धं पाऊल मागेच होता. मुलगी ओळ म्हणत असताना तो जवळजवळ गप्प. ओळ संपली, तिने श्वास घेतला, आणि त्या श्वासाएवढ्या फटीत त्याने एक लांब, ओला सूर भरला. मग पुन्हा गप्प. त्याची नजर तिच्या मानेवर होती.

मला आप्पा इतके जवळ आले की मी भाच्याकडे न बघता पाण्याचा ग्लास उचलला.

या कंट्री संगीताच्या इतिहासात साथीला आणि शिकवायला राहिलेली माणसं किती, याचा मी तेव्हापासून विचार करते. गायक हँक विल्यम्स १९५३ च्या पहिल्या दिवशी गाडीच्या मागच्या सीटवर गेला, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी. त्याचं नाव जगाला ठाऊक आहे. अलाबामात त्याला गिटार शिकवणारा रुफस पेन हा रस्त्यावर वाजवणारा कृष्णवर्णीय माणूस होता. आपल्याला संगीताचं शिक्षण मिळालं ते त्याच्याकडूनच, असं हँक स्वतः सांगे. पेनचं नाव मात्र शोधावं लागतं. गोऱ्यांचं म्हणून जे संगीत ओळखलं जातं, त्याच्या मुळाशी असे किती हात आहेत!

मधल्या वेळात बेस वाजवणारा प्लॅस्टिकची बादली घेऊन टेबलांमधून फिरला. ब्रॉडवेवर पाळ्या चालतात, बहुधा चार-चार तासांच्या, सकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत, आणि वादकांच्या कमाईचा मोठा भाग याच बादलीतून येतो. एका टेबलाने वीस डॉलर टाकून फर्माईश केली. मला आपली दौलतजादा आठवली, फडावर नोट दाखवून मागितलेली लावणी. नोट दिल्यावर ऐकणारा सैलावतो, गप्पा मारायला लागतो. इथेही तेच झालं. ज्यांनी गाणं मागितलं, ते गाण्याभर फोनवर फोटो बघत बसले. म्हाताऱ्याने त्या गाण्यात जे वाजवलं ते त्या संध्याकाळचं सर्वांत सुंदर होतं. मी बादलीत नोट टाकली होती, पण ती बादली सगळ्यांची. म्हणून उठून मी त्याच्यासमोर हात जोडले. त्याने नख्या चढवलेल्या बोटांनीच हॅटच्या कडेला स्पर्श केला.

सहा वाजता पाळी बदलली. मुलीने सामान आवरलं, गिटारवाले गेले, नवे वादक वायरी जोडू लागले. म्हातारा उठला नाही. फडक्याने दहाही तारा एका दमात पुसल्या, पोलादी कांडी पुसली, पाण्याचे दोन घोट घेतले. नव्या बँडचा स्टीलवाला आला नव्हता वाटतं.

नवा गाणारा पंचविशीचा, कपाळावर घाम. तो वाकून म्हाताऱ्याला काहीतरी म्हणाला, दोघांनी हात मिळवले, एकमेकांना नावं सांगितली. भाचा गाडीची किल्ली चाचपत होता. "एकच," मी म्हटलं. पोरगा माइकपाशी गेला, मागे न वळता त्याने पट्टी सांगितली, आणि डावा हात पाठीमागे नेला.